कोर्टाच्या कागदावर तिथी नसते

चन्नबसप्पा,

आधीच सांगून टाकते, तू मला अजून पुरता पटलेला नाहीस. बावीस वर्षं उदगीरच्या एकाच गल्लीत आपण समोरासमोर राहतो, आणि अजूनही बोलताना तू माझ्या तोंडाकडे न बघता चपलांकडे बघतोस.

तुझं आयुष्य चार ओळींत मावतं. जन्म भालकीकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी. पंधराव्या वर्षी मोंढ्यात हमाल झालास, पाठीनं दगा दिल्यावर एका आडत्याच्या गोदामाचा राखणदार. लग्न केलं नाहीस. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीस. आणि दर अमावास्येला पहाटेच्या बसनं भालकीला, थोरल्या बहिणीकडे, लक्ष्मम्माकडे जातोस. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. तू पिशवी घेऊन निघालास की बाया म्हणायच्या, "आज अमुशा हाय वाटतं."

यंदा चैत्रात गोदाम पेटलं. उजाडलं तेव्हा हरभऱ्याची पोती धुमसत होती. कुलूप शाबूत, किल्ली तुझ्याकडे, आणि तू भालकीला. पोलिसांनी तुला बहिणीच्या घरून उचलून आणलं.

माझ्याकडेही एक जमादार आला. "बाई, हा जातो कुठं?"

"कर्नाटकात. दर अमावास्येला."

त्यानं तेवढंच लिहून घेतलं. मीही तेवढंच सांगितलं.

ते वाक्य कोर्टात तुझ्यावरच उलटलं. सरकारी वकील म्हणाले, खुद्द शेजारीण सांगते की आरोपीचं येणंजाणं परराज्यात आहे. सोडला तर हाती लागायचा नाही. खालच्या कोर्टानं जामीन नाकारला.

मग तुला सरकारकडून मिळालेली वकील, सुकन्या, माझ्या ओट्यावर येऊन बसली. कालची पोर, पण जिभेला धार.

"बाई, जातो ते सांगितलंत. परत येतो का न्हाई, ते?"

"येतो की. बावीस वर्षं येतोच आहे."

"मग सांगितलं का न्हाई?"

"विचारलं कुणी?"

"शिकल्या-सवरल्या माणसाला बी विचारावं लागतं व्हय," ती म्हणाली.

मी प्रतिज्ञापत्र करून दिलं.

सेशन कोर्टात मी मागच्या बाकावर होते. न्यायाधीश सरकारी वकिलांना म्हणाले, "तपास संपला, दोषारोपपत्र आलं. जप्त करायचं ते जप्त केलंत. आता हा आत कशासाठी हवाय?"

"पळून जाईल, साहेब."

"बावीस वर्षांत गेला आणि आलाच नाही, असा एक दिवस दाखवा."

 मग न्यायाधीशच म्हणाले, आग यानं लावली की नाही हे खटल्यात ठरेल, आणि खटला कधी उभा राहील ते इथं कुणालाच ठाऊक नाही. तोवर नुसत्या संशयावर माणूस कोंडायचा, तर शिक्षा आधी आणि निकाल मागाहून. सदुसष्टाव्या दिवशी तू सुटलास. अटी दोन: सोमवारी ठाण्यात हजेरी, आणि परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही.

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. आणि घरी येऊन मी भिंतीवरचं पंचांग काढलं.

चैत्रातली अमावास्या रविवारी होती. गोदाम पेटलं शनिवारी पहाटे, आणि तुझी बसही शनिवारचीच. बावीस वर्षांत पहिल्यांदा तू एक दिवस आधी गेलास. नेहमीसारखा रविवारी गेला असतास, तर त्या पहाटे गोदामावरच असतास. कोर्टाच्या कागदावर तारीख असते, तिथी नसते. तू म्हणालास अमावास्येला गेलो होतो, आणि पोलीस, वकील, मी, सगळे तेच धरून चाललो.

मी तुला विचारलं. "चतुर्दशीलाच कसा गेलास?"

"आक्काचा सांगावा आल्ता."

"कुणाच्या हाती? तिच्याकडं तर फोन नाही."

"आल्ता, बाई."

 आला असेलही सांगावा. खोटं बोलणाऱ्यानं एखादं बरं नाव तरी जुळवलं असतं. की तेवढंही तुला जमलं नाही?

आषाढ सरता सरता तू पुन्हा आलास. लक्ष्मम्माला आता उठवत नाही. सुकन्यानं भालकीला जायच्या परवानगीचा अर्ज तयार केलाय. सोबत माझं पत्र जोडायचं, की हा जाऊन परत येईल याची मला खात्री आहे. "तुमची सही कोर्टात चालती, बाई," तू म्हणालास.

तू परत येशील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणजे पत्रातलं वाक्य खरंच आहे. तरी पेन उचललं की तो शनिवार आडवा येतो. ज्या संशयावर न्यायाधीशांनी तुला आत ठेवलं नाही, त्याच संशयावर मी तुला जिल्ह्यात अडकवून ठेवलंय, आणि मला तर कुणी न्यायाधीश नेमलेलं नाही.

श्रावणातली अमावास्या गेली, भाद्रपदातली गेली. तू पुन्हा विचारलं नाहीस. पेन्शनच्या कामाला मंगळवारी तिकडं जाणारच आहे, जाता जाता सुकन्याकडे पत्र टाकते, असं मी तुला म्हणाले होते. त्यानंतर नऊ मंगळवार झाले. पेन्शनचं काम झालं. पत्र अजून सहीवाचून माझ्याकडेच आहे.