अप्पांचा पेला

"एक पेला, रघू! विहीर नाही मागत तुझ्या बापासाठी!"

"अप्पांचं पान वाढलंय ना, आई? मटण आहे, वडे आहेत, विडा आहे, विडीचं बंडल आहे—"

"आणि ज्याच्यापायी ते जगले, तेवढंच नको?"

"ज्याच्यापायी ते मेले."

सोयराबाईंनी हातातला पितळी पेला उंबऱ्यावर आपटला. पेला गोल फिरत जाऊन रघुजीच्या पायाशी थांबला. त्याने पाय मागे घेतला. विंचू दिसावा तसा.

पासष्ट सालची महालय अमावास्या होती. कानडी मुलखात, राजाजीनगरच्या त्या दोन खोल्यांत गेलेल्यांपैकी कोणाच्या जिभेला काय आवडायचं ते अजून सगळ्यांना पाठ होतं. आजच्या दिवशी आतल्या खोलीत त्यांचं पान मांडायचं. थोरल्या लेकानं मांडायचं, दिवा लावायचा, दार लोटायचं आणि सगळ्यांनी बाहेर गप्प बसायचं. आतले जेवतात. मग तीनदा दार वाजवून लेकानंच उघडायचं, आणि पेल्यात उरलेलं प्रसाद म्हणून लेकानंच घ्यायचं.

पिराजीमामाने कुठून तरी पैदा केलेली बाटली चुलीमागे पिशवीत होती. दिसत नव्हती, पण रघुजीला ती सकाळपासून ऐकू येत होती.

आठ महिने झाले होते त्याला थेंब न घेता. कारखान्यात त्याच्या लेथशेजारी कृष्णमूर्ती फिटर. त्याने इंग्रजी पेपरातला दोन ओळींचा तुकडा कापून एक दिवस रघुजीच्या डब्यावर ठेवला होता. दारू सोडायची असेल तर लिहा, आणि खाली पोस्टपेटीचा नंबर.

"मी काय वेडाय, पेपरात नाव द्यायला?"

"नाव नको अण्णा. स्वल्प लिहून तर बघा."

पत्र कृष्णमूर्तीनेच लिहिलं. उत्तर आलं: कँटोन्मेंटात चर्चची मागली खोली, शनिवारी सहा. पहिल्या शनिवारी रघुजी इमारतीला तीन फेऱ्या घालून चौथ्या फेरीला आत शिरला. सहा खुर्च्या, चहाची किटली. एकेक जण आपलं नाव सांगे, आपण दारुडे आहोत म्हणे, आणि बाकीचे मान हलवत. सगळं इंग्रजीत. एक म्हातारा रेल्वेगार्ड तेवढा मोडकी कानडी बोले. रघुजीची पाळी आली. दिवसभर बाजारात, कारखान्यात बोलतो ती कानडी जिभेवर होती, पण तोंडातून निघाली ती घरातली मराठी. तिथं कुणालाही अक्षर कळत नव्हतं. म्हणूनच त्याला सगळं सांगता आलं. गार्डाने त्याचा हात धरला, म्हणाला, "सरी, बरं. पुढच्या शनिवारी या."

आजही शनिवारच.

"साडेचार झाले," अंबुबाई, त्याची बायको, चुलीपुढून भिंतीला म्हणाली. नवऱ्याला काही सांगायचं असलं की ती भिंतीलाच सांगायची.

"वाजू देत!" सोयराबाई कडाडल्या. "त्या साहेबांच्यात बसून चहा प्यायला वेळ आहे, बापाला घोट द्यायला नाही!"

"भरलेला पेला घेऊन त्या खोलीत मी एकटा गेलो ना आई, तर परत येणारा मी नसेन."

सोयराबाई खाली बसल्या. आवाज एकदम उतरला.

"शेवटच्या रात्री त्यांनी घोटभर मागितली होती. पायावर डोकं ठेवलं माझ्या. मी नाही दिली. पंधरा वर्षं रुसले होते. दरसाल पेला भरलेला तसाच्या तसा. आणि गेल्या साली? दार उघडलं, तर कोरडा! अंबूनं बघितलं, पिराजीनं बघितलं. माफ केलं रे त्यांनी मला. आता पुन्हा उपाशी धाडतोस?"

रघुजीने पेला उचलला. त्याने तो आईच्या मांडीवर ठेवला.

"गेल्या साली मी प्यायलो."

"काय?"

"तुम्ही बाहेर बसला होता. मी विडी ओढायला म्हणून मागे गेलो. खिडकीचा गज निघतो. आत उतरलो, प्यायलो, परत चढलो. तू रडलीस, मला जवळ घेतलंस. तोंडाला वास येत होता माझ्या. तुला वाटलं, अप्पांचा."

अंबुबाईच्या हातातली पळी वाजायची थांबली.

हे सगळं त्याने चर्चच्या त्या खोलीत सांगितलं होतं. एक गोष्ट मात्र तिथंही नव्हती सांगितली. त्या दिवशी पेला त्याने स्वतः काठोकाठ भरला होता, आणि खिडकीतून उतरून ओठांशी नेला, तेव्हा तो अर्धाच होता. दार बंद होतं. पानावरचा वडा एका बाजूने मोडलेला होता. दिव्याची ज्योत तेवढी, कुणी नुकतंच पलीकडे सरकल्यासारखी, आडवी.

सोयराबाई पेल्यात बघत होत्या. त्यांनी विचारलं, अगदी हळू, लहान पोरीसारखं:

"मग रघू... ते आलेच नव्हते?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. पान वाढलेलं, पाण्याचा तांब्या भरलेला, आणि पेल्याची जागा मोकळी. आत बघायचं नाही असं ठरवूनही त्याने बघितलं.

अंबुबाईने त्याची चप्पल दारात आणून सरळ करून ठेवली होती. त्याने ती पायांत घातली, आणि तो कँटोन्मेंटच्या बसच्या थांब्याकडे चालू लागला.