पुसायलाही जागा लागते

आमच्या कॉलेजात सर्व्हरच्या खोलीला एसी आहे आणि लॅबला कूलर. त्यामुळे अमरावतीचा एप्रिल लागला की सगळा स्टाफ सर्व्हरची काळजी घ्यायला त्या खोलीत जमतो. लॅबची जबाबदारी माझ्याकडे असल्यानं मला तिथं बसायला कारण लागत नाही, एवढाच माझा मान.

सर्व्हरवर लिनक्स आहे आणि त्यात मुलांचे कंटेनर. कंटेनर म्हणजे एकाच मशीनमध्ये पाडलेल्या वेगवेगळ्या खोल्या. प्रत्येक मुलाला वाटतं, पूर्ण कॉम्प्युटर आपलाच. साठवणीची डिस्क मात्र सगळ्यांत मिळून एक. कोणी किती जागा घ्यायची याची मर्यादा घालता येते. मी ती घालू म्हणत होते, आमचे विभागप्रमुख सर घालू देत नव्हते. सर चांदूर बाजारचे. "पोरायले मोजून वाढतेत का कोणी?" म्हणायचे. त्यांच्या घरी मी जेवले आहे. तिथं खरंच कोणी मोजत नाही, नको नको म्हणेपर्यंत ताटात पोळी पडलेली असते. पण डिस्क म्हणजे त्यांच्या घरचं जेवण नव्हे, हे काही मला त्यांना पटवता आलं नाही.

पास होऊन गेलेल्यांचे कंटेनरही तसेच पडून होते. त्यातला एकच वापरात होता, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. लग्न होऊन ती अकोल्याला गेली. सासरचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान. दुपारी अकोल्याच्या उन्हात गिऱ्हाईक फिरकत नाही. सासरे, ती त्यांना मामाजी म्हणते, घरी जाऊन झोपतात आणि गल्ल्यावर ही बसते. तिथंच लॅपटॉप उघडून ती आमच्या सर्व्हरवरच्या आपल्या कंटेनरात यायची. बाहेरून आत यायची वाट मीच तिच्यासाठी उघडी ठेवली होती, आणि त्याबद्दल मी कोणाला विचारलं नव्हतं. तिनं एक प्रोग्रॅम तयार केला होता. शेतात मोटार जळली की शेतकऱ्यानं फोनवरून कळवायचं आणि जवळपास कोणता मेकॅनिक मोकळा आहे ते प्रोग्रॅमनं शोधायचं. अकोल्यातल्याच एका लहानशा कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं, तोच प्रोग्रॅम चालता दाखव म्हणाले. घरात ठरलं होतं, ही नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर लॅपटॉपचा नाद सोडून तिनं दिवसभर दुकान पाहायचं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. "मॅडम, माझा कंटेनर सुरूच नाही होऊन राहिला. आज दुपारी दाखवाचं आहे मले."

मी पाहिलं तर कोणाचाच सुरू होत नव्हता. शेवटच्या वर्षाच्या एका गटानं कपाशीच्या रोगट पानांचे फोटो आणून ओतले होते, एका पानाचे दहा बाजूंनी. डिस्क काठोकाठ भरली होती. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार होते, त्यामुळे सरही धावत आले.

"जुने सगळे उडवा," ते म्हणाले.

"एक वापरात आहे, सर. आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीची आज मुलाखत आहे त्याच्यावर."

"तिले पास होऊन किती वर्षं झाले? आपण काय धर्मशाळा काढली?"

नवी डिस्क जोडू, मी म्हटलं. खरेदीची मंजुरी यायला दिवाळी उजाडेल, ते म्हणाले. मोजून वाढू नका म्हणणारा माणूस आता जेवणारीला ताटावरून उठवायला निघाला होता. माझं डोकं फिरलं. मी तणतणत उठले, तर ते माझ्याच खुर्चीत बसले.

जुन्यांत सगळ्यात जास्त जागा तिच्याच कंटेनरनं घेतली होती. सरांनी त्याचं नाव टाइप केलं, पुसून टाक अशी कमांड दिली आणि एंटर दाबलं.

स्क्रीनवर उत्तर आलं, डिस्कवर जागा नाही.

सरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"पुसाले बी जागा लागते काय?"

लागते. आमच्या डिस्कवरची मांडणी अशी आहे की ती जुनी नोंद जागच्या जागी खोडत नाही. आधी नवी लिहिते, मग जुनी सोडते. पुसल्याचीही नवी नोंद लिहावी लागते, आणि तेवढ्यापुरतीही जागा उरली नव्हती. हे मी मुलांना शिकवते, पण त्याचा असा आनंद कधी झाला नव्हता. मी मोठ्यानं हसले. सरांना ते आवडलं नाही.

"आता डिस्क जोडल्याशिवाय तुमचं पुसणंही होत नाही," मी म्हटलं. कपाटात कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरसाठी आलेली कोरी डिस्क होती.

"ते कॅमेऱ्याची आहे."

"मग उद्या कॅमेऱ्यात परीक्षक छान दिसतील. फक्त त्यांना दाखवायला प्रोजेक्ट नसतील."

सरांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मशीन बंद केलं, झाकण उघडलं, डिस्क बसवली. नुसती बसवून भागत नाही. मशीनला ती दिसते, कंटेनरांना तिचा काही उपयोग नसतो. ही जुन्या साठ्यात सामील करून घे, असं वेगळं सांगावं लागतं. ती एक ओळ लिहिताना मला घाम फुटला होता, एसीतसुद्धा. साठा बिघडला असता तर तिचंच काय, सगळ्यांचंच गेलं असतं. ओळ मुकाट्यानं चालली आणि जागा वाढली. मग एकेक कंटेनर सुरू केला, पहिला अकोल्याचा. त्यानंतर सरांच्या डोळ्यांदेखत प्रत्येकाला मर्यादा घातली. त्यांनी चहा मागवला.

तिला फोन केला. "हो मॅडम, दिसून राहिला," एवढं म्हणून तिनं ठेवून दिला. आभार वगैरे काही नाही, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं.

संध्याकाळी निघताना सर दारात थांबले. "त्या पोरीचं काय झालं?" त्यांनी विचारलं. मी फोन लावून स्पीकर सुरू केला.

"झालं मॅडम. सोमवारपासून ये म्हणे."

"घरी सांगितलं?"

"सांगतलं. मामाजी म्हणे, मंग दुपारी दुकानात कोण बसन?"

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हणलं, तुमी बसा."