तिरकं पान

सिनेमाला जाताना आम्ही कामं वाटून घ्यायचो. पुढचा गळा ताई बघणार, पाठ मी बघणार. ताई म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ओट्यावर तिची शिलाई मशीन होती आणि गास गावातल्या आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांची पोलकी तिच्या हाताखालून जायची. वसईच्या थेटरात बाकीचे लोक गोष्ट बघायला येत. आम्हाला शेवटपर्यंत खलनायक कोण हे कळलं नाही तरी चालायचं. गाणं लागलं की ताई माझ्या मांडीवर चापट मारायची. "आता वळेल बघ. पाठ तुझी." नायिका वळायची आणि मी पापणी न लवता बघायचे: बटणं किती, नाडी कुठं, बाही कुठवर.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता ताई जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरायची. पुढची बाजू कोळशाने स्वतः काढायची, मग कोळसा माझ्या हातात द्यायची. कागद कापून झाला की तो नमुना पत्र्याच्या पेटीत जायचा. काकू, म्हणजे ताईची आई, केळीची पानं बांधता बांधता म्हणायची, "आल्या पंचनामा करायला!"

एकदा मी चुकले. नायिका खांबाला रेलून उभी होती, तिच्या पाठीवर पानाच्या आकाराची खिडकी कापलेली होती आणि ती मला तिरकी दिसली. मी तिरकीच काढली. ताईने तशीच कापली, आणि पंधरा दिवसांत आळीतल्या पाच-सहा पोरी तिरकं पान मिरवत हिंडू लागल्या. पुढच्या आठवड्यात आम्ही तोच सिनेमा पुन्हा बघितला. पान सरळ होतं! बाईच वाकली होती. ताई थेटरात एवढी हसली की मागच्या माणसाने दम भरला. मी रडकुंडीला आले होते, तर म्हणाली, "राहू दे. सरळ पान कुणीही शिवेल. तिरकं आपलं." तेव्हापासून तिच्या हातच्या पोलक्यावर ते पान हमखास असायचं.

मग तिचं लग्न ठरलं. सासरच्यांनी निरोप पाठवला की पोरगी हवी, मशीन नको. त्यांचं म्हणणं, "आमच्या घरात बायका परक्यांची मापं घेत नाहीत." ताईने हातातली बाही जोडून पुरी केली. तिच्या मनातलं मला कळायला हवं होतं, पण मी तेव्हा पंधरा वर्षांची आणि अक्कल बेताची.

एका दुपारी ती शिवलेली पोलकी पोचवायला गोखिवऱ्याला म्हणून निघाली. मी ओट्यावर काजं करत बसले होते. तिने वाडीचं फाटक उघडलं, मागे न बघता लावलं. ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. अंगावर काय होतं, विचारलं. मी घडाघडा सांगितलं: मोरपंखी पोलकं, पाठीवर तिरकं पान, खाली दोन बटणं, त्यातलं एक जरा फिकं. "आणि पुढून?" मला सांगता येईना. गळा गोल होता की चौकोनी? कपाळाला काय होतं? काकू माझा दंड धरून हलवत होती. "अगं, तोंड बघितलंस ना तिचं? कसं होतं तोंड? रडलेली होती का?" मी पाठच सांगत राहिले.

माणसांनी विहिरी बघितल्या. वाडीतल्या बावखलात, म्हणजे शिंपण्याच्या तळ्यात, गळ टाकले, पाणी ढवळून काढलं. त्याच संध्याकाळी मी पत्र्याची पेटी उघडली. आत एकही कागद नव्हता. मरायला निघालेलं माणूस पोलक्यांचे नमुने नेत नाही, एवढं मला कळलं. पण हे बोलले तर लोक म्हणतील पोरगी पळाली, म्हणून मी पेटी मिटली आणि गप्प बसले. बाहेर गळ पाण्यात पडल्याचा आवाज येत होता. तो मला अजून ऐकू येतो.

सात-आठ वर्षं गेली. सिनेमा मी सोडला, पण बाजारात बायकांच्या पाठी बघायची खोड सुटली नाही. विरारच्या बाजारात एकदा सुकी मासळी विकणारी एक तरुण बाई वाकून टोपली सारत होती, आणि तिच्या पाठीवर पान होतं. तिरकं. मी धावत पुढे गेले. परकी बाई. पोलकं नवं कोरं होतं.

"कुठं शिवलंत?"

"आमच्याकडं एक शिवनारी बाय हाय, खाडीच्या पल्याड. कुनाशी जास्त बोलत नाय. का गो?"

मी म्हटलं, "तिला सांगाल? म्हणावं, पान तिरकं आलंय."

पुढच्या बाजाराला मी तासभर आधीच जाऊन उभी राहिले. बाई म्हणाली, "सांगितला. तिनं मशीन थांबवली. मला इचारते, सांगनारी एकटीच होती का? मी बोलले, हो. मग परत मशीन चालू केली."

त्याच्या पुढच्या बाजाराला बाई स्वतःहून म्हणाली, "ती बाय गेली गो. खोली मोकळी केली. मशीन घेऊन गेली."

काकूला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी होडीत बसली असती. मला आधी खात्री करायची होती, आणि त्या खात्रीच्या नादात निरोप धाडून मी ताईला दुसऱ्यांदा घालवलं. हे मला स्वतःला माफ करता येत नाही.

आता तिचा चेहरा आठवायला बसले तर आठवत नाही. पाठ मात्र टाक्यांसकट आठवते. कितीदा डोळे मिटून म्हणते, वळ ना गं. ती वळत नाही.

काकू शेवटच्या आजारपणात दाराकडे तोंड करून निजायची. कुशी बदलू द्यायची नाही. फाटक वाजलं की विचारायची, "कोण आलं?" मी म्हणायचे, "कोणी नाही, काकू." ती गेली तेव्हाही तशीच होती, डोळे दाराकडे. मी तिच्या पाठीशी बसले होते.