भ्यालेले डोळे

मुलीच्या टॅबवर मी जुन्या रहस्यकथेच्या मुखपृष्ठासारखं चित्र काढतोय. काळोखा जिना, खाली सुरा घेतलेला माणूस, वर पिवळ्या साडीतली बाई. बाईचा चेहरा आमच्या हिचा. ही जाऊन वर्ष होईल.

आम्हा जुन्या बोर्ड रंगवणाऱ्यांच्या ग्रुपवर चित्र टाकलं. गणपा म्हणाला, "दादा, समोर सुरा आहे आणि बाई दूधवाला आल्यासारखी बघतेय." शकूर म्हणाला, "डोळ्यांत भीती घाल रे म्हाताऱ्या."

खरंय त्यांचं. पण ही उभ्या जन्मात कुणाला भ्याली नाही. फक्त दवाखान्यात, शेवटच्या सकाळी, माझा हात धरून तशी बघत होती.

तेच डोळे काढले. टॅबात थरावर थर ठेवता येतात, म्हणून वेगळ्या थरावर काढले. "आता जमलं," सगळे म्हणाले. मी तो थर लगेच झाकला. खाली तिचे नेहमीचे डोळे आहेत.

पण आता चित्र उघडताना बोट जपून टेकवतो. चुकून लागलं आणि तो थर उघडला तर? गेलेल्या माणसाचा कुठला चेहरा ध्यानात राहावा, हे कुणाच्या हातात असतं?

रोज म्हणतो, पुसून टाकू. पण तेही तिचेच डोळे, आणि ते माझ्याकडेच बघत होते.