एकाच संताकडे दोन मागण्या

त्या वर्षी आमच्या अमरावतीच्या घरात संत अंतोनींची नोव्हेना दोनदा चालली होती, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आणि दोन्हींत मी होते. नोव्हेना म्हणजे नऊ दिवस न चुकता प्रार्थना. मधे थांबून आपलं मागणं मनातल्या मनात मांडायचं.

सकाळची आईची. नागपूरला सेक्रेटरिएटात कारकून असलेला एक मुलगा ताईला पाहून गेला होता, त्याच्या घरून होकार यावा म्हणून. संध्याकाळची ताईची, दार लोटून. तिला नकार हवा होता. अकोल्याच्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायचं होतं आणि आईला सांगायची छाती नव्हती. लेकरांचं देव लवकर ऐकतो असं दोघींचंही ठाम मत, म्हणून मी दोन्हीकडे. कोणाला सांगणार नाही अशी शपथही दोघींकडे घेतलेली.

मी आठ वर्षांची. इतका भाव मला कधी मिळाला नव्हता! आई साय द्यायची, ताई चिंचेच्या गोळ्या, मी दिवसभर हवेत. त्या बिचाऱ्या संताने डोकं कुठे आपटावं, या विचाराने मला सारखं हसू फुटायचं. फुलं घेऊन येणारी माळीण विचारायची, "नऊ दिवसाचं आहे, तर घट काहून नाई बसवत, बाई?"

नवव्या दिवशी आई म्हणाली, आज तिघी मिळून करू. मी मधे. 'नमो मरिया' झालं, मागण्याची शांतता आली, आणि डावीकडून आईने कोपर मारलं, उजवीकडून ताईने. ओठ दाबले तर हसू नाकातून यायला लागलं. त्या भरात मी मोठ्याने म्हणून बसले, "होकार येऊ दे, पन ताईसाठी नकारच येऊ दे!"

ताई पांढरीफटक पडली. आई वळली. "काहून म्हनून राहिली ही असं?"

"मले लग्न नाई करायचं, आई," ताई खाली मान घालून म्हणाली. "अकोल्याले नर्सिंग शिकायले जायचं आहे."

आई संताच्या तसबिरीकडे पाहत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, तर ती हसत होती.

"आठ दिवस मी इकडून ओढून राहिली अन् तू तिकडून!" तिने पदराने डोळे पुसले. त्यात हसण्याचं पाणी किती आणि दुसरं किती, मला कळलं नाही. "सांग आता, काय मागायचं आहे तुले. मोठ्यानं सांग."

ताईने सांगितलं, तुटक तुटक आवाजात. आईने 'आमेन' म्हणायला बराच वेळ घेतला. पण म्हटलं.