तिच्या जिभेवरचं माप

जव्हारजवळ बियरचा एक छोटा कारखाना आहे. मी खोडाळ्याचा, बायको दाभोशाची. दोघं तिथेच कामाला होतो. मी पिंपं सांभाळायचो, ती बाटल्या धुवायची.

आतल्या खोलीत आंबट बियरची लाकडी पिंपं होती. या बियरमध्ये यीस्ट घालत नाहीत. उकळलेला धान्याचा रस थंडीत उघडा ठेवायचा. हवेतलं यीस्ट त्यात आपोआप पडतं, आणि मग पिंपात दोन वर्षांत तो असा आंबतो की नुसता प्यायला तर दात शिवशिवतात. म्हणून त्यात गव्हाची ताजी बियर नाहीतर काळी बियर मिसळायची. किती, ते ठरलेलं नसतं. प्रत्येक पिंपाची चव निराळी. एकदा मालकांनी सहज तिच्यापुढे पेला धरला. तिने हुंगलं, घोट घेतला आणि म्हणाली, "काळी नको, गव्हाची घाला. एकाला तीन." तसं केलं. त्या दिवसापासून मिसळायचं काम तिचं झालं. मी येईल त्याला ते सांगत सुटायचो.

मग तिला ताप आला, आठ दिवसांनी उतरला. ती पुन्हा पेले हुंगू लागली, प्रमाण सांगू लागली. उन्हाळ्यातला सगळा माल तिच्या सांगण्यावरून मिसळला. बाटल्या उघडल्या तर व्हिनेगरचा भपकारा. बिघडलेलं पिंप तिने चांगलं म्हणून सांगितलं होतं.

मालकांनी बाटली नाकाशी धरून बाजूला ठेवली. मीच सगळ्यांदेखत ओरडलो, "एवढा वास आला नाही? नाक आहे की भोक?"

"मला वासच येत नाही," ती म्हणाली. "तापापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू गावभर माझं कौतुक सांगत होतास. कसं बोलू?"

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. पंधरा दिवस वाट पाहून मी जीपने दाभोशाला गेलो. ती भात लावत होती, पिंढऱ्यांपर्यंत चिखलात.

"चुकलं माझं. घरी चल."

ती वाकलेलीच राहिली. "डोळे गेले असते तर हात धरला असतास. नाक गेलं तर ओरडलास."

मी बांधावर बसलो. तिच्या आईने भाकर आणून दिली, ती खाल्ली आणि परत आलो.

आता मी मिसळतो. दहादा चाखतो, तरी खात्री वाटत नाही. लोक चांगली झालीय म्हणतात. दिवाळीत तिचा भाऊ बाजारात भेटला. ती ठाण्याकडे कामाला गेली, म्हणाला. कुठे, ते त्याने सांगितलं नाही, आणि मला विचारायला तोंड नव्हतं.