सांध्याखालचा डबा

बदनापूरचा बदरोद्दीन स्टेशनवर गोण्या वाहत वाहत वेल्डिंग शिकला. पुढे जालन्याजवळच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात लागला. तिथं तेल घट्ट करायला हायड्रोजन लागे. त्या गॅसच्या जाड पाइपाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात एक सांधा नव्यानं मारायचा होता. वेल्डिंगचे रॉड कोरडेठाक लागतात. कारखान्यातली रॉड सुकवायची पेटी बिघडलेली. बदरोद्दीननं ते मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीत भाजून फडक्यात गुंडाळले, घरी येऊन चहा घेतला आणि बायकोनं, मैमूनानं, भरून दिलेली पिशवी सायकलला अडकवून निघाला.

सांधा देखणा उतरला. आत हवा भरून साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही.

"गॅस आज नको," इंजिनिअर म्हणाले. "परवा परत तपासू."

कचरू त्या पाइपाखाली स्टुलावर बसून गॅसचा व्हॉल्व्ह सांभाळायचा. तो हसला. "बदरूभाई, साहेबाचा तुमच्यावर भरोसा न्हाई."

"तू बस निवांत. छत पडंल, सांधा न्हाई," बदरोद्दीन म्हणाला. पण त्याला ते लागलं.

परवा साबण फेसाळला. सांध्याच्या कडेला केसाएवढी चीर होती.

"स्टूल सरकवू का मंग?" कचरूनं हळूच विचारलं.

"हात चांगलाच आहे तुमचा," इंजिनिअर म्हणाले. "रॉडला ओल असणार. ओलीतून हाच हायड्रोजन सुटतो, तापल्या लोखंडात शिरतो आणि निवल्यावर आतून फोडतो."

"भट्टीतले होते, साहेब."

"आणि भट्टीनंतर?"

उरलेल्या रॉडच्या फडक्याला ज्वारीचं पीठ चिकटलेलं होतं. घरी त्यानं मैमूनाला विचारलं.

"गरम भाकऱ्या उसीच कपड़े में बांधी थी," ती म्हणाली. "दोपहर तक नरम रहते बोलके. कुछ बिगड्या क्या?"

भाकऱ्यांची वाफ रॉडनं प्याली होती.

"भाकरी अच्छी थी," तो म्हणाला. "अब से अलग बांध."

सांधा कापून नवा मारला. या वेळी 'परवा' तो स्वतःच म्हणाला. परवा फेस आला नाही. पाइपात गॅस सोडला. कचरू स्टूल हातात धरून लांबच उभा.

बदरोद्दीननं ते घेतलं, सांध्याखाली ठेवलं, बसला आणि डबा उघडला. पुढं रिटायर होईस्तोवर प्रत्येक नव्या सांध्याखाली पहिला डबा त्यानंच खाल्ला.

त्या दिवशी भाकरी थंड, कडक झालेली. सावकाश चावून त्यानं ती संपवली, मग कचरूला हाक मारली.